दान दिलेला फोन

वसुलीचा माणूस दारात येऊन "मिनिमम भर दीजिए" म्हणाला, तेव्हा वाटलं, हा चुकीच्या गल्लीत शिरलाय. काशीतल्या पंचगंगा घाटाच्या वरच्या आमच्या बोळात निम्मी माणसं चुकूनच येतात. पण कागदावर नाव माझं होतं. क्रेडिट कार्डाचं विलंब शुल्क, त्यावर व्याज, आणि भरायची किमान रक्कम वाढत वाढत माझ्या मास्तरकीच्या पेन्शनहून मोठी झालेली.

कार्ड माझं, पण व्यवहार सगळा बायको बघायची, म्हणून बँकेत मोबाइल नंबरही तिचाच. तिच्या शेवटच्या आजारपणाचं बिल त्याच कार्डावर भरलं होतं. ती गेली. अकराव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू महापात्राला, म्हणजे मृताच्या नावाचं दान घेणाऱ्या ब्राह्मणाला, द्यायच्या असतात: गादी, छत्री, चपला. बहीण म्हणाली, "वहिनीचा जीव त्या फोनमध्ये होता रे, तोही दे." दिला. सिम काढायचं कुणालाच सुचलं नाही. बँक मात्र इमानेइतबारे दर महिन्याला तिलाच कळवत राहिली.

कस्टमर केअरला फोन केला. "रजिस्टर्ड नंबर पर ओटीपी गया है सर, बताइए." तक्रार करायला ओटीपी, नंबर बदलायलाही ओटीपी. ज्या नंबराचं माणूसच उरलं नाही, तिथून मी तो कुठून आणू? ओरडलो. पलीकडच्या मुलीने थंडपणे पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

महापात्राच्या घरी आपण होऊन कुणी जात नाही, अशुभ मानतात. मी गेलो. तो गोंधळलाच. आतून फोन आणून म्हणाला, "मैसेज तऽ आवत रहल, बाबूजी. हम समझली कंपनी क प्रचार हौ." मग फोन पुढे करून, "ले जाइए."

एवढा अगतिक झालो होतो की हात पुढे गेलाच होता. पण तिला पोचावं म्हणून दिलेलं परत कसं घेऊ? तिथूनच पुन्हा कस्टमर केअरला फोन लावला. महापात्र ओटीपीचे आकडे वाचत गेला, मी उंबऱ्याबाहेर उभा राहून बँकेच्या मुलीला सांगत गेलो.

तिने खात्यात बघितलं. "मैसेज तो सब डिलिवर हुए हैं सर. चार्ज वापस नहीं होगा."

"माझी बायको वारली आहे हो," मी मराठीतच बोलून गेलो. मग हिंदीत सांगितलं.

"सॉरी सर. नंबर बदल दूँ?"

मी हो म्हणालो. माझा नंबर दिला. एवढं एकच काम त्या दिवशी झालं.

गल्ली चढताना खिशातला फोन वाजला: किमान रक्कम, शेवटची तारीख. या महिन्याची पेन्शन सगळी देऊनही ती भरणार नव्हती. आता काय करायचं हे मी आयुष्यभर जिला विचारत आलो, ती नव्हती. पायरीवर बसून मी हमसून हमसून रडलो, आणि जाणारे-येणारे वाट काढून जात राहिले.