पिराजीला न समजलेला आरोप

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पिराजीची म्हैस सकाळ-संध्याकाळ सहाच्या ठोक्याला उभी राहते. गिऱ्हाईक समोर, धार थेट पेल्यात, वर बोटभर फेस. तीस वर्षांत म्हशी बदलल्या, वेळ नाही. आत्ताची चिमणी तर अशी तालेवार, की जरा उशीर झाला तर पान्हाच चोरते.

अशा माणसावर चोरीची केस झाली. पेंडीचे व्यापारी गणपतराव यांच्या उचगावच्या गोदामातनं सरकी पेंडीची चार पोती गेली आणि राखणदारानं सांगितलं, पिळदार मिशीचा गडी होता. आता कोल्हापुरात मिशीवरनं चोर धरायचे म्हटलं तर निम्मा जिल्हा आत जाईल! पण पेंड पिराजी तिथूनच घ्यायचा, म्हणून नाव त्याचं लागलं.

झालं, गिऱ्हाईक पांगलं. चोराच्या हातचं दूध कोण पिणार? वर्षानुवर्षांची माणसं मान वळवून पलीकडच्या म्हशीकडं जायला लागली. तुरुंगाच्या भीतीपेक्षा पिराजीच्या काळजाला तेच लागलं. घरात बायको झुंबरबाई वैरण टाकायची, जेवायला वाढायची, पण केसबद्दल चकार शब्द काढायची नाही. हिलाबी संशय आलाय जणू, असं त्याला वाटायचं.

वकील मिळाली ती सरकारी मदतीतनं, फुकट. शिवलीला, गडहिंग्लजची पोर. तिनं बजावलं, "काका, आरोप वाचून दाखवतील. समजला तरच समजला म्हणा. आणि चोरी त्यांनी सिद्ध करायची हाय, तुम्ही न्हाय."

पिराजीनं ते शब्दाला शब्द धरलं. न्यायाधीश मॅडमनी आरोप वाचला: एप्रिल महिन्यात कोल्हापुरात चार पोती पेंड चोरली. समजला का?

"न्हाय."

मागची बाकं खुदखुदली. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "काय समजलं नाही?"

"एप्रिलचं तीस दिवस असत्यात, मॅडम. त्यातला कुठला? किती वाजता? आन् कोल्हापुरात कुठं? त्ये कळल्याबिगार मी तवा कुठं होतो, त्ये कसं सांगू?"

मॅडमनी कागद उलटून बघितले. "बरोबर बोलतायत ते. राहिलंय खरं." आरोप दुरुस्त झाला, पुन्हा वाचला गेला: सहा एप्रिल, संध्याकाळी सहा ते सात, उचगावचं गोदाम.

"आता समजला. कबूल न्हाय," पिराजी म्हणाला.

सहा ते सात! त्या वेळेला हा बाबा रोज चिमणीखाली बसलेला असतो, हे अख्ख्या गंगावेशीला ठाऊक. पण नेमकी सहा तारीख कुणाच्या ध्यानात असणार? शिवलीला कट्ट्यावर एकेकाला विचारत फिरली. मान वळवणाऱ्यांतला जोतीराम, पोस्टातला कारकून, तारीख ऐकून जागच्या जागी थबकला. सहा एप्रिल म्हणजे त्याच्या नातवाचा पहिला वाढदिवस. त्या दिवशी त्यानं बाळाला कट्ट्यावर आणून धारोष्ण दुधाचा पहिला घोट पाजला होता, आणि कौतुकानं व्हिडिओही काढला होता.

तो व्हिडिओ कोर्टात लागला. वेळ सहा वीस. बाळाच्या ओठांवर फेसाची मिशी, आणि मागं खऱ्या मिशीचा पिराजी, मन लावून धार काढतोय. मॅडमना हसू आवरेना. राखणदारानं उलटतपासणीत कबूल केलं, की मिशी सोडून त्यानं काहीच बघितलं नव्हतं. पिराजी निर्दोष सुटला.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर ही गर्दी! जोतीराम ओशाळून पुढं आला आणि लागोपाठ तीन पेले प्याला. पिराजीला इतका आनंद झाला, की डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यानं ते खुशाल वाहू दिले.

धारा उरकून घरी आल्यावर मात्र त्याला राहवेना. झुंबरबाई भाकरी थापत होती.

"पोलिसांनी इचारलं, कोरटानं इचारलं, गिऱ्हाइकानं नजरंनं इचारलं. आठ महिनं झालं, तू एकदाबी इचारलं न्हाईस, केलंसा का म्हणून. का गं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं.

"मला तारीख लागत न्हवती," ती म्हणाली. "हात धुवा, भाकरी गरम हाय."