नातीचं दुसरं माप

मी चौथी नापास. पण चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, आणि दुसऱ्या शिंप्यानं घेतलेल्या मापावर कधी कापड बेतलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, गेल्या महिन्यातच माप दिलंय तिकडे." मी म्हणायचो, "त्याला दिसलं ते त्यानं घेतलं. उभे राहा." या हट्टापायी दोन लग्नांची कामं हातची गेली. गेली तर गेली.

हे आठवायचं कारण माझी नात. वय आठ. मुलगा-सून अमेरिकेत कॉम्प्युटरची कामं करतात, बायको गेल्यापासून मी त्यांच्याकडेच. पोरगी हुशार, पण बोलायला वेळ लावते. विचारलं की उत्तर येतं, फक्त सुईत दोरा ओवून होईपर्यंत थांबावं लागतं. त्यासाठी शाळेत तिला आठवड्यातून दोनदा वेगळी शिकवणी होती. मग शाळेनं तिची पुन्हा तपासणी केली आणि अहवाल दिला, हिला समज कमी आहे, पुढच्या वर्षापासून दिवसभर वेगळ्या वर्गात बसवू. म्हणजे मैत्रिणींपासून लांब, इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला.

सून रडली. मुलगा म्हणाला, "एक्सपर्ट आहेत ते, बाबा."

"उत्तराला किती थांबले?"

"टाइम्ड टेस्ट असते. घड्याळ लावून घेतात."

"म्हणजे टेप अर्ध्यात सोडला आणि म्हणे पोरगी बुटकी!"

सुनेच्या ऑफिसातल्या एका बाईनं मार्ग सांगितला. शाळेची तपासणी पटली नाही, तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून दुसरी मागता येते. खर्च शाळेनं करायचा, नाहीतर आपलीच तपासणी बरोबर आहे हे सुनावणीत सिद्ध करायचं. कायदाच आहे तसा. फक्त लेखी मागा, म्हणाली. दुसरं माप! मी खुर्चीतून उठलोच.

पण आमची माणसं! गुरुजनांना उलट बोलायचं नाही, हे मीच पोराला फटके देऊन शिकवलेलं. दोघांनी शनिवार-रविवार खपून पत्र लिहिलं. तीन पानं. वर्गाच्या बाई किती प्रेमळ, शाळेच्या बसचा ड्रायव्हर किती सज्जन, आम्ही किती ऋणी. आणि तिसऱ्या पानाच्या तळाला, जमलं तर, त्रास होणार नसेल तर, आणखी एक तपासणी. सोबत बेसनाच्या लाडवांचा डबा.

आठवड्यानं उत्तर आलं. पत्र वाचून सगळ्यांना फार आनंद झाला, ते शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावलंय, लाडूही छान होते. तपासणीचं अवाक्षर नाही.

मला हसू आवरेना. सून चिडली. "हसताय काय, बाबा? तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"लिही. तुमची तपासणी आम्हाला मान्य नाही. बाहेरच्या तज्ज्ञाकडून दुसरी हवी, शाळेच्या खर्चानं. खाली सही."

"एवढंच? किती रूड वाटेल!"

"आभार नंतर मान. आधी माप."

मुलानं एक प्लीज घुसवलंच. शाळेनं हो म्हटलं.

बाहेरची तज्ज्ञ म्हणजे माझ्याच वयाची एक बाई, पायात जाड लोकरी मोजे. सून नातीला घेऊन निघाली, मीही निघालो. बोलावलं कुणी नव्हतं. बाईंनी विचारलं, घरी कशी असते ही? मी खिशातून बाहुलीच्या फ्रॉकचे बेतलेले तुकडे काढून टेबलावर मांडले आणि नातीला म्हटलं, "काय चुकलंय यात?"

पोरगी गप्प. सून मधे बोलणार, तोच मी हात वर केला. बाईंनीही पेन खाली ठेवलं. मी मनातल्या मनात दोरा ओवत राहिलो.

"आजोबा, यू फरगॉट द कॉलर," नात म्हणाली. "अँड धिस बाही इज उलटी."

कॉलर मी मुद्दामच वगळली होती. बाहीचं मात्र माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. तीही मुद्दामच, असं मी सुनेला सांगितलं.

बाईंनी चार दिवस बोलावून, सावकाश तपासलं. समज वयाला साजेशी आहे, उत्तराला वेळ द्या, असा अहवाल आला. वाचनात मात्र पोरगी खरंच मागे होती, तेवढं शाळेचं बरोबर निघालं. शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, ती आपल्याच वर्गात बसेल, वाचनाला रोज मदत मिळेल.

घरी आल्या आल्या मुलगा लॅपटॉप उघडून बसला. शाळेला थँक्यू लिहायचं होतं.

"आता लिही तीन पानं," मी म्हटलं. "आणि त्या ड्रायव्हरला विसरू नकोस."