जतनबाईंची जीवाणी

जतनबाई मारवाडातल्या एका कोरड्या गावातल्या जैन घरातून लग्न होऊन जळगावला आल्या, ते साल १९०६. संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९च्या दुष्काळात लहानपण गेलेलं. सासरच्या आडाला बारमाही पाणी आहे हे पाहून पहिल्या दिवशी आपण आडाच्या काठावरच बसून राहिलो, असं त्या स्वतःच हसत सांगत. पुढे नवरा गेला, मुलगा पन्नालाल कापडाचं दुकान पाहू लागला, पण घरच्या पाण्याचं काम त्यांनी कोणाच्या हाती दिलं नाही. रोज सकाळी पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. फडक्यावर राहिलेले बारीक जीव धुऊन, दोर लावलेल्या डोलातून अलगद परत त्याच आडात सोडायचे. त्या परत सोडायच्या पाण्याला त्या जीवाणी म्हणत. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात गेला पाहिजे.

१९४६ साली त्यांच्या माडीवरची खोली अभिमन पाटलाने भाड्याने घेतली. पारोळ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नव्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि मुंबई विद्यापीठाच्या एम.एस्सी.साठी मेहरूण तलावाचा अभ्यास करणारा.

"मास्तर, तळ्यात रोज काय शोधता?" जतनबाईंनी विचारलं.

"बारीक जीव, काकी. ते शेवाळ खातात. खाल्लेलं त्यांच्या मलातून पाण्यात परत येतं, त्यावर पुन्हा शेवाळ वाढतं. किती परत येतं, ते मोजायचंय."

"म्हणजे शेणखतच की," दुकानाला निघालेला पन्नालाल म्हणाला. "ते तर तुमच्या घरच्या उकिरड्यावरही होतं. त्यासाठी कॉलेज कशाला?"

माघात अभिमनने प्रयोग मांडला. तलावाच्या पाण्याच्या काही बरण्यांत ते जीव सोडले, काहींत नाही. प्रबंध उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुंबईला पोचला, तरच कॉलेजातली कायमची जागा त्याला मिळणार होती. उशीर झाला तर दुसरा उमेदवार तयारच होता. नेमका तेव्हाच प्रयोगशाळेला चुना द्यायचं निघालं आणि घरी भावाचं लग्न आलं. बरण्या त्याने जतनबाईंच्या ओसरीवर आणून ठेवल्या.

"काकी, एवढ्या जतन करा. यातला एकही जीव मरता कामा नये."

"माझं नावच जतन शे," त्या म्हणाल्या. "निर्धास्त जा."

लग्न उरकून तो परतला, तर ओसरीवर बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या. काच लखलखत होती.

"बठ्ठे, एकूण एक जीव घरी पोचवले," जतनबाई आनंदाने म्हणाल्या. "काही तळाशी बसायला लागले होते, मला बघवेना. टांगा करून मेहरूणला गेले आणि हळूच सोडले. एकालाही धक्का नाही लागला."

अभिमनने एकेक बरणी उचलून आत पाहिलं.

"मास्तर, आईने तुमचं कॉलेजच तळ्यात बुडवलं!" पन्नालाल म्हणाला, पण अभिमनचा चेहरा पाहून त्याचंही हसू ओसरलं.

"काकी, माझी जागा गेली," अभिमन म्हणाला. "मी बरण्या ठेवा म्हणालो होतो."

"ठेवा नाही म्हणालात. जतन करा म्हणालात."

त्याने आपले शब्द आठवले. तसंच म्हणाला होता.

"मोजून झाल्यावर त्यांचं काय करणार होता?" त्यांनी विचारलं.

"औषध घालून मारावं लागतं. जिवंत असले की हलतात, मोजता येत नाहीत."

"म्हणजे मरू नये, ते तुमचं मोजणं होईपर्यंतच."



दुसऱ्या दिवशी सकाळी जतनबाई नवं कोरं गाळायचं फडकं आणि बादली घेऊन दारात उभ्या. "मीच सोडले, मीच आणून देते. पण या वेळी मोजून झाल्यावर जिवंत परत द्यायचे."

"दिले," अभिमन म्हणाला.

तलावाचं पाणी मागे सरलं होतं. शेठच्या घरातली बाई, एरवी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, गुडघाभर चिखलात उतरली. काठावर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. जतनबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. त्या पाणी गाळत राहिल्या, अभिमन बरण्या पुढे करत राहिला.

प्रयोग पुन्हा उभा राहिला. मोजायची वेळ आली तेव्हा प्रयोगशाळेत सगळे त्याला औषधाची बाटली दाखवत होते. वेळ कुठे होता? अभिमनने थेंब थेंब घेऊन जिवंतच मोजले. डोळे चुरचुरले, चुका झाल्या, पुन्हा मोजलं. एकदा सूक्ष्मदर्शक घरी आणून त्याने जतनबाईंना दाखवला. त्यांनी पदर मागे सारून डोळा लावला. त्या पारदर्शक देहात इवलंसं काळीज हलत होतं.

"धडधडतंय," त्या पुटपुटल्या, आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

चैत्रात आकडे जुळले. जीव असलेल्या बरण्यांतलं पाणी खरोखरच जास्त सकस निघालं. प्रबंध वेळेत मुंबईला गेला, कॉलेजचा होकारही आला. त्याच दिवशी जीवांच्या बरण्या घेऊन दोघं टांग्याने मेहरूणला गेले. अभिमन पाण्यात उतरला, बरणी पाण्याच्या पातळीला टेकवली आणि हळूहळू कलती केली.

काठावर येऊन तो म्हणाला, "काकी, तुमचे उपकार..."

"ते उद्या सांगा. दिवस मावळायच्या आत जेवायचं शे मला. टांगेवाल्याला हाक मारा."

त्या संध्याकाळी तो माडीवर गेला नाही. उजेड होता तोवर, ओसरीवर त्यांच्या शेजारी पाट मांडून जेवला.