पाच ओल्या ताटल्या

लेकीच्या चित्रकथेतलं एक पान मी पुन्हापुन्हा पाहतो आहे. नाझी सैनिक दार ठोठावताहेत. घरात नवरा-बायको दोघंच, पण ओट्यावर ओल्या ताटल्या पाच. तीन ताटल्या माळ्यावर लपवलेल्या ज्यू कुटुंबाच्या. बाई त्या घाईघाईनं पुसून फडताळात ठेवते आहे.

"बाबा, आपण लपवलं असतं ना कुणाला?" लेकीनं विचारलं.

मी सवयीनं हिशेब मांडला. "दोन खोल्या, एक संडास, खाली वॉचमन. तीन माणसं चार दिवससुद्धा लपणार नाहीत गं."

"अहो बाबा, जागा कुठे विचारली मी!" ती हसली.

मला हसता आलं नाही. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतला रिकामा फ्लॅट एका जोडप्याला भाड्यानं हवा होता. आडनावावरून त्यांचा धर्म कळला, तसं सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "नको बुवा, उगीच कटकट." नकारासाठी सात हात वर झाले. सातवा माझा होता. दाराशी कोणी सैनिक नव्हता. समोर नुसता चहा होता, आणि मला बैठक लवकर संपायला हवी होती.

लेक अजून उत्तराची वाट पाहत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो. तेही खरं नव्हतं.