गाऱ्हाण्यातला माझा होकार

देवावर मी रुसलो होतो, हे आधीच कबूल करतो. तोफखान्यात वीस वर्षं काढली, त्यात कान गेले. त्याचं फारसं दुःख केलं नाही. कानाला यंत्र लावून आणि समोरच्याचे ओठ वाचून वेळ निभावून नेत होतो, आणि बायकोची बोलणी चुकवायला बहिरेपणा बराच उपयोगी पडत होता! पण पेन्शनीत गावी, लांज्याजवळ, आलो आणि काचबिंदूने डोळे नेले. आता उजेड नि सावल्या तेवढ्या कळतात. डोळ्यांबरोबर माणसांचे ओठही गेले आणि भरल्या घरात मी एकटा पडलो.

मागच्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली. गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो आणि तो थांबला की सगळ्यांनी एकदम "व्हय महाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. कानातल्या यंत्रात ढोलाचा नुसता कल्लोळ होता. गावकार थांबलाय असं समजून मी मध्येच मोठ्याने ओरडलो. लोक हसले. ते मला ऐकू आलं नाही, पण शेजारच्याचं अंग गदगदताना कळलं. ती लाज वर्षभर मनातून गेली नाही.

यंदा मी बायकोला सांगून टाकलं की, पालखी येऊ दे, मी बाहेर येणार नाही. ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "अवो, देव दारात येनार नि घरचा धनी आत बसनार, ह्या बरा दिसल काय?" मी म्हणालो, "ज्याने कान-डोळे नेले, त्याचं माझ्यावाचून काय अडलंय?" माझ्या मनगटावर तिचे अश्रू पडले, तरी मी हटलो नाही.

पालखी दुपारी आली. ढोलाने पायाखालची जमीन थरथरत होती आणि मी माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो. इतक्यात कुणीतरी माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारली. तोफेच्या आवाजात हुकूम ऐकू येत नसे, तेव्हा आम्ही असंच करायचो. दोन थापा म्हणजे तयार राहा, एक थाप म्हणजे डागा. मी विचार करायच्या आतच उभा राहिलो. त्या माणसाने मला अंगणात नेलं आणि तो माझ्या मागे उभा राहिला. गाऱ्हाणं थांबलं की खांद्यावर एक थाप पडे आणि मी "व्हय महाराजा" म्हणे. एकदाही चुकलं नाही. सगळ्या गावाचा आवाज माझ्या छातीत घुमत होता. मला रडू आवरेना.

तो कोण, हे कुणालाच सांगता आलं नाही. मुंबईकडचा कुणी पाहुणा असेल, पालखीबरोबर पुढच्या घरी गेला, असं बायको म्हणते. फौजी होता का, कोण जाणे. मी शोध घेतला नाही. ज्याने पाठवला त्याला मनोमन नमस्कार केला. आता घरातली सगळी माणसं खांद्यावर थाप मारून मला हाक मारतात, आणि मीही आत बसून राहत नाही. काय चाललंय ते सगळं कळलंच पाहिजे, हा हट्टही सुटला.

त्या दिवशी शेवटी गावकाराने काय मागितलं, ते बायकोने मला नंतर कानात सांगितलं, "बा देवा महाराजा, ह्या घरचा धनी लय एकटा पडलाय, त्याला तुज्या पदरात घे." ते ऐकून अंगणातली सगळी माणसं डोळे पुसत राहिली, होकार द्यायचंच विसरली. काय मागितलंय ते ठाऊक नसलेला मी एकटाच तेवढा खणखणीत "व्हय महाराजा" म्हणालो होतो.