दाराबाहेरची शिकवण

सकाळच्या राउंडला मोठ्या सरांनी आमच्या शिकाऊ डॉक्टरबाईंना भर वॉर्डात, पेशंटांसमोर झापलं. "रिपोर्ट पाठ नाहीत? बाहेर उभ्या राहा. तुमच्यापेक्षा ही फरशी पुसणारी बरी." फरशी पुसणारी मी. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाई दाराबाहेर मान खाली घालून उभ्या राहिल्या. सातवीत गुरुजींनी मलाही असंच वर्गाबाहेर काढलं होतं. दाराबाहेर माणूस काय शिकतो, हे बाहेर काढणाऱ्याला कुणी विचारत नाही. मी घरची वाट धरली, ती कायमची. म्हणून तर आज मुलखापासून इतक्या लांब हातात फडकं आहे.

मला ताप होता तेव्हा याच बाईंनी, "मावशी, आधी बसा," म्हणत गोळ्या दिल्या होत्या. त्याही निघून जातील या धास्तीनं, त्यांची वाट अडावी म्हणून मी जिन्यापुढची फरशी पुन्हा पुन्हा ओली करत राहिले.

त्या गेल्या नाहीत. डोळे पुसून आत आल्या. तेवढ्यात नव्या इंटर्न मुलीची सलाइनची सुई चुकली.

"एवढंही येत नाही? बाहेर उभी राहा," बाई म्हणाल्या. सगळा सूर सरांचा.

मुलगी दाराबाहेर आली. मी पुन्हा फडकं भिजवून जिन्यापुढे बसले.