शेवटी वाजवायचा मान

शुक्रवारची जेवणं आटोपली, भांडी निथळत ठेवली, की सौसन हात पुसत फोन घेऊन बाल्कनीत बसायची. त्या सुमाराला 'घरचा पियानो' या त्यांच्या गटावर एकेकाचं वादन येऊ लागे. गट लहानसाच. सगळे अलेक्झांड्रियाचे आणि सगळे हौशी. दातांचे निवृत्त डॉक्टर फिक्री, बँकेत नोकरी करणारे दोन भाऊ, एक गणिताची शिक्षिका, आणि बाकी सौसनसारख्या, मुलं मोठी झाल्यावर पियानोचं झाकण पुन्हा उघडलेल्या बायका. घरी वाजवायचं, फोनवर एका दमात ध्वनिमुद्रित करायचं आणि जसं असेल तसं पाठवायचं. चित्र नाही, नुसता आवाज. कोणाचे पडदे विटलेत हे कोणाला दिसायला नको. त्यामुळे एखाद्या हळुवार जागी भंगारवाल्याची आरोळी यायची, नाहीतर गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत खालून जायचा. त्याचं कोणाला काही वाटत नसे.

ऐकलं की चांगलं बोलायचं, हा दुसरा नियम. 'तुझे हात सलामत राहोत', जेवण आवडलं की म्हणतात तेच. चूक काढायची नाही. ज्याला चुका ऐकायच्याच असतील त्याने वादनाबरोबर लिंबाचं चित्र टाकावं. म्हणजे 'पिळा मला.' ही युक्ती डॉक्टर फिक्रींची. पण गट सुरू झाल्यापासून एकानेही लिंबू टाकलं नव्हतं. पिळून घ्यायची हौस कोणाला असते?

वर्षातून एकदा, उन्हाळ्याची गर्दी शहरातून ओसरली की, सगळे डॉक्टरांच्या घरी जमत. त्यांच्याकडे मोठा, आडवा पियानो होता. प्रत्येकाने एक वाजवायचं, आणि शेवटी कोणी वाजवायचं ते गटाने ठरवायचं. ठरवायचं म्हणजे काय, दरवर्षी डॉक्टर लिहीत, "शेवटी अर्थातच मादाम सौसन," आणि खाली टाळ्यांची रांग लागे. त्या 'अर्थातच'वर सौसन वर्षभर जगायची. दोन मुलं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीचे पाळीपाळीचे डबे भरले. पण 'अर्थातच' असं तिच्याबद्दल दुसरं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

आणि मग नेव्हीन आली.

सिदी बिशरला तिचं औषधांचं दुकान. लहानपणी शिकलेली, मध्ये सगळं सुटलेलं. पहिल्याच शुक्रवारी तिने असं काही वाजवलं की गणिताच्या शिक्षिकेने लिहिलं, "मी चुलीवरचा भात विसरले." एरवी ती बाई फार तर 'छान' लिहायची. सौसनने ते वादन ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि 'तुझे हात सलामत राहोत' एवढंच लिहून फोन उशीखाली सारला.

"का गं, तोंड का असं?" तिचा नवरा हिल्मी शिजवलेल्या बाकल्याच्या वाटीत जिरं भुरभुरवत म्हणाला.

"कुठे काय?"

"खारवलेला मासा जास्त मुरला की दिसतो तसं दिसतंय."

"तुम्ही खा."

"नवीन बाई चांगली वाजवते वाटतं."

कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच सौसनच्या मनात आलं. वर ती बया सौसनला 'तांत सौसन' म्हणायची. तांत काय, तांत! असेल दहा-बारा वर्षांनी लहान, पण गटाच्या देखत मावशी करून टाकलं.

उन्हाळाभर हेच चाललं. नेव्हीनचं वादन आलं की गट उजळायचा. सौसनचं आलं की 'नेहमीप्रमाणे सुंदर.' हा 'नेहमीप्रमाणे' तिच्या घशात काट्यासारखा अडकायचा. भांडी घासताना, मुलुखियाच्या भाजीची पानं चिरताना ती नेव्हीनची वादनं ऐकायची, एखादी तरी ढिली जागा सापडावी म्हणून. मुलगी कैरोहून आली तर तिला वाटलं आईला नवीन कलावंत आवडला. "कोण गं ही? किती गोड वाजवते!" मुलगी म्हणाली, आणि सौसनने त्या संध्याकाळी जेवणात मीठ घालायचं विसरून सूड उगवला.

मेळावा जवळ आला तशी कुजबुज सुरू झाली, की या वर्षी शेवटी नेव्हीनने वाजवावं. डॉक्टर अजून गप्प होते. आणि त्याच आठवड्यात नेव्हीनने नाचाच्या चालीचा एक वॉल्ट्झ पाठवला. मेळाव्यात ती तोच वाजवणार होती. खाली एक पिवळंधमक लिंबू.

गट दचकला. "यात काय पिळायचं?" बँकवाल्या थोरल्या भावाने लिहिलं. "माशाल्ला, परत घे ते लिंबू, सरबत कर," धाकट्याने लिहिलं. एकालाही काही सापडलं नाही.

सौसनला सापडलं. पहिल्याच ऐकण्यात. मधल्या भागात उजवा हात वरून झरझर खाली येतो, तिथे एका काळ्या पट्टीच्या आधी केसाएवढा खंड पडत होता. श्वास आत ओढल्यासारखा. तिला ती जागा बोटांच्या हाडांपर्यंत माहीत होती. तिला लहानपणी पियानो शिकवणाऱ्या मादमुआझेल कल्योपीने याच वॉल्ट्झच्या याच जागी तिच्या अनामिकेवर पेन्सिल मारली होती. अंगठ्यावरून अनामिका ओलांडून नेली की हात कलतो, आणि कललेला हात सावरेपर्यंत ताल निसटतो. मधलं बोट न्यायचं. बस, एवढंच. एका दुपारचं काम.

तिने लिहायला घेतलं, 'नेव्हीन, त्या उतरणाऱ्या जागी...' आणि थांबली. समोर बाल्कनीतल्या दोरीवर हिल्मीचे सदरे समुद्राच्या वाऱ्याने फुगले होते. तिने लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहिलं, "मी नीट ऐकलं. कुठेही काही नाही. अगदी असंच वाजव."

संध्याकाळी नेव्हीनचाच फोन.

"तांत सौसन, देव तुमचं भलं करो! तुम्ही म्हणालात म्हणून सुटले बघा. बाकीचे काय, मी ताट वाजवलं तरी टाळ्या देतील. पण कान तुमचा. मला मधे कुठेतरी खुपत होतं. आता नाही त्याला हात लावत."

"नको लावूस," सौसन म्हणाली. आवाज तिचा तिलाच गुळमट वाटला.

दोन दिवस ती खुशीत होती. तिने रव्याचा गोड बसबूसा केला, हिल्मीच्या टिंगलीवर हसली, रोज आपला तुकडा घासून घासून वाजवला. शुक्रवारी नेव्हीनने तोच वॉल्ट्झ पुन्हा पाठवला. तो खंड आता केसाएवढा राहिला नव्हता. आता तिथे नेव्हीनचा हात आत्मविश्वासाने अडखळत होता. आणि खाली? "स्वर्ग!" "माशाल्ला!" "मागच्यापेक्षा सरस!" आणि त्याखाली डॉक्टर फिक्री: "शेवटी या वर्षी नेव्हीन. सर्वांना मान्य आहे ना?" टाळ्या, टाळ्या, टाळ्या.

सौसनच्या अंगाची लाही लाही झाली. मान गेला म्हणून झालीच, पण त्याहून वेगळंही काहीतरी डंख मारत होतं. या बहिऱ्यांना ऐकूच येत नव्हतं! अडखळली काय, न अडखळली काय, यांच्या टाळ्या तेवढ्याच. म्हणजे आपण इतकी वर्षं ते घोटलं, पेन्सिली खाल्ल्या, ते कोणासाठी? या गटात तो खंड दोघींनाच खुपत होता. एक ती स्वतः, आणि दुसरी ती बया, जिला तिने गप्प केलं होतं.

"काय झालं?" हिल्मीने विचारलं.

"सगळे गाढव आहेत."

"मीसुद्धा?"

"तुम्ही पहिले. फोन द्या इकडे, नेव्हीनला बोलावते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून नेव्हीन ट्राममधून कॅम्प शेझारला सौसनच्या घरी आली. हातात मिठाईचा डबा, चेहऱ्यावर प्रश्न. सौसनने चहासुद्धा विचारला नाही. "बस आणि ती मधली जागा वाजव."

नेव्हीनने वाजवली.

"मुलुखिया करतेस."

"काय?"

"मुलुखियावर लसूण ओतताना आपण 'हाऽ' करून श्वास ओढतो की नाही? ते भाजीला ठीक. वॉल्ट्झला नको. इथे, या काळ्या पट्टीपाशी. कोणतं बोट नेतेस?"

नेव्हीनने अनामिका हलवून दाखवली.

"मधलं ने. अंगठा तिथेच ठेव, उचलू नकोस. हळू. अजून हळू. मी काय गाडी पकडायला निघालेय का?"

हळूहळू जमलं. जुन्या पियानोच्या दमट हवेने फुगलेल्या पट्ट्यांवरूनही ती सुरांची सर तेलासारखी खाली उतरली. नेव्हीनने हात मांडीवर ठेवले आणि पट्ट्यांकडेच बघत विचारलं, "हे तुम्हाला तेव्हाच ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मग?"

"मग काय? सांगायचं नव्हतं."

बाहेर ट्रामची घंटा वाजून गेली. नेव्हीन उठली, पर्स खांद्याला लावली. सौसनला वाटलं, गेली. पण ती दारापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "डावा हात कसा आहे? आता सांगताय तर सगळं सांगा." त्या दुपारी सौसनने डावा हातही सांगितला, कडवटपणे, एकेक चूक दाताखाली चावून. चहा शेवटी नेव्हीननेच केला.

मेळाव्याला सौसनने निळा पोशाख घातला, केस सेट करून घेतले. तिचा नंबर शेवटून दुसरा होता. तिने चांगलं वाजवलं. तिचं तिलाही ते कळलं. टाळ्या पडल्या, नेहमीप्रमाणे. मग नेव्हीन बसली. ती जागा जवळ आली तशी सौसनने मांडीवरच्या रुमालात आपलं मधलं बोट दाबून धरलं. सर उतरली. कुठेही श्वास नाही. डॉक्टर फिक्रींच्या हातातला सरबताचा पेला तसाच राहिला, आणि त्या क्षणी सौसनला ती अशी आवडली आणि अशी नावडली, की डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हे तिला सांगता आलं नसतं.

टाळ्या थांबेनात. नेव्हीन उठून म्हणाली, "मधल्या भागातलं बोट तांत सौसनचं आहे. त्यांनी शिकवलं."

झालं! सगळे सौसनकडे वळले. "उस्ताद!" बँकवाला थोरला भाऊ ओरडला. "आपल्या घरात उस्ताद असून आपल्याला माहीत नाही!" गणिताची शिक्षिका तर लगेच खुर्ची सरकवून शेजारी येऊन बसली. "मादाम, माझंही ऐकाल का? दर आठवड्याला. मी तुमच्याकडे येईन."

शिकवणारी! वाजवणारीची शिकवणारी झाली. सौसनला ते 'नेहमीप्रमाणे'पेक्षाही लागलं. आता हे सगळे तिला खुर्चीत बसवून ठेवणार, हारतुरे घालणार, आणि शेवटचं वाजवायला दुसरीला उठवणार. हिल्मी कोपऱ्यातून मिशीत हसत होता.

"ऐकेन," ती शिक्षिकेला म्हणाली, पण आवाज खोलीभर जाईल असा. "प्रत्येकाचं ऐकेन. पण आधीच सांगते, पुढच्या वर्षी शेवटी मीच वाजवणार."

खोली हसली. म्हाताऱ्या बाईचा विनोद समजून हसली. डॉक्टरांनी "अर्थातच, अर्थातच" म्हणत केकचा तुकडा तिच्यापुढे केला.

नेव्हीन तेवढी हसली नाही. ती पियानोच्या कडेला हात टेकून उभी होती. तिने सौसनकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, भाजीबाजारात समोरचीने त्याच वांग्यावर हात ठेवला की बघावं तसं.

"बघू, मादाम सौसन," ती म्हणाली.

केक जरा कोरडा होता. सौसनने तो सगळा खाल्ला.